सुजित येईपर्यंत

भीमराज ओव्हाळ गेला त्याला आता वर्ष होत आलं, आणि मला त्याचा अजून राग येतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना कुणी भीमराजसारखा शेजारी मिळाला नसेल.

आमच्या आकुर्डीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एक मैदान आहे. त्याच्या कोपऱ्यात बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट. दोन रिंगा, त्यातल्या एकीला जाळी आहे, दुसरीची कधी गेली ते कुणालाच आठवत नाही. कोर्टाच्या कडेला तीन पायऱ्या आहेत आणि त्यातली मधली माझी. मी या गावचाच. वडिलांची जमीन कंपनीत गेली आणि पुढे त्याच जमिनीवर मी पाळ्या केल्या, गुडघे झिजवले आणि रिटायर झालो. आता रविवारी सकाळी पायरीवर बसून खेळणाऱ्यांना नावं ठेवतो. नाव दौलतराव, पण सगळे तात्या म्हणतात.

भीमराज आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचा. चाकणला एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. गाड्यांचे दरवाजे, बॉनेट वगैरे पत्र्यातून दाबून काढतात, त्या मशीनवर. बायको अंजली बालवाडी चालवते, मुलगी उत्कर्षा कॉलेजात शिकते. माणूस बुटका, रुंद, आणि भयंकर नेमाचा. जिन्यात कुणाची चप्पल आडवी पडलेली दिसली तरी थांबून भिंतीला लावून ठेवायचा. वर मलाच ऐकवायचा, ‘‘तात्या, कोणी पडलं म्हणजे?’’

त्याच्या या नेमामागे एक भीती होती, आणि ती आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होती. त्याचे वडील पिंपरीच्या एका कंपनीत होते. एकदा रात्रपाळी करून कंपनीच्या बसने घरी निघाले, खिडकीला डोकं टेकवलं आणि तिथंच गेले. बसमधल्या लोकांना वाटलं, दमलाय, झोपलाय. बिचाऱ्याची झोप मोडू नये म्हणून त्यांचा स्टॉप आला तरी कुणी हलवलं नाही. शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हरने हाक मारली तेव्हा कळलं. वय एक्कावन्न. भीमराज तेव्हा आयटीआयला होता. बस दारावरून पुढं गेली हे त्याने खिडकीतून पाहिलं होतं, आणि त्याला वाटलं होतं, आज बाबा ओव्हरटाइमला थांबले.

म्हणून त्याला एकच गोष्ट हवी होती. बापाचं वय ओलांडायचं. उत्कर्षावर तसली सकाळ येऊ द्यायची नाही. हे तो हसत सांगायचा, ‘‘बावन्नावं लागलं की सगळ्या बिल्डिंगला मटण,’’ असं. पण कंपनीच्या तपासणीत साखर आणि बीपी दोन्ही काठावर निघालं, त्या आठवड्यात तो जिन्यावर माझ्याशी धड बोलला नाही. पोरगा टरकला होता. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला मी पोरगा म्हणतोय, पण माझ्यासाठी तो तेवढाच.

डॉक्टर म्हणाले, चाला. हा म्हणाला, शॉपवर दिवसभर चालतोच की, आणखी किती चालू? मग उत्कर्षाने त्याला कोर्टवर ओढून आणलं. ती कॉलेजच्या संघातून खेळते, चांगली खेळते. पहिल्या दिवशी तिने बापाला चेंडू आपटत पळायला सांगितलं. चेंडू एकीकडे आणि भीमराज दुसरीकडे. मी पायरीवरून म्हणालो, ‘‘आरं, ती काय कोंबडी हाय का, तिच्या मागं पळतुयास?’’ तो घामाघूम होऊन थांबला, माझ्याकडे पाहून हसला, आणि पुन्हा पळाला. त्या दिवसापासून त्याचा रविवार कधी चुकला नाही.

हळूहळू आणखी लोक जमले. भैरू हा लातूरकडचा, पार्ट वाहणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर. सिद्धेश भीमराजच्याच शॉपमधला. सुजित हा हिंजवडीच्या पलीकडे माण गावात राहायचा, तिथल्याच आयटी कंपनीत कामाला. आधी आमच्या इमारतीत भाड्याने होता, घर घेऊन तिकडे गेला तरी रविवारी गाडी काढून यायचा. आणखी दोघंचौघं येऊनजाऊन. सगळ्यांची पोटं पुढं आणि दम मागं. माझी करमणूक चांगली व्हायची.

पण भीमराजने त्या कोर्टाचं शॉप करून टाकलं. खेळायच्या आधी सगळ्यांनी ओळीत उभं राहून हातपाय, मान, कंबर मोकळी करायची. चाकणला पाळी सुरू होताना करतात तशी. एकदा तर त्याने हात पुढं करून सुरक्षेची शपथसुद्धा म्हणायला लावली होती, आणि रस्त्याने जाणाऱ्या बायका बघत उभ्या राहिल्या होत्या. कोर्टावरची वाळू तो स्वतः झाडायचा, सिमेंटवर वाळू असली की पाय सटकतो. बुटाचे तळ उलटे करून बघायचा. आणि अंगावर धातू नको. अंगठी, घड्याळ, कडं, साखळी, सगळं काढायचं. त्याच्या शॉपमध्ये एकाचं बोट अंगठीसकट गेलं होतं, ते तो इतक्या बारकाईने सांगायचा की ऐकणारा मुकाट्याने अंगठी काढायचा. ते सगळं ठेवायला त्याने आपला जुना स्टीलचा जेवणाचा डबा आणला आणि माझ्या मांडीवर दिला. भैरूच्या दंडात तुळजापूरचा ताईत होता. तो काढीना. त्यावर दोन रविवार वाद चालला. शेवटी भैरू म्हणाला, ‘‘डब्यात शिळं अन्न ठिवलं आसंल, त्यात देवीला कसं ठिवू?’’ मग भीमराजने डबा राखेनं घासून आणला. देवी डब्यात बसली.

आणखी एक नियम होता. रात्रपाळी करून आलेल्याने खेळायचं नाही. झोप नसलेल्या माणसाचं हृदय आधीच दमलेलं असतं, त्याला आणखी पळवायचं नाही, असं तो म्हणायचा. भैरू एकदा नाशिकची खेप करून थेट आला, तर याने त्याला बूटसुद्धा बांधू दिले नाहीत. माझ्याशेजारी बसवून ठेवलं. भैरू फुगला होता. आणि खेळताना कुणी गुडघा धरला, कुणाचा श्वास जास्त चढला, की भीमराज त्याला हाताला धरून बाहेर काढायचा आणि त्याच्या जागी दुसरा उभा करायचा. दुसरा कुणी नसला की स्वतः उतरायचा. रिलीव्हर म्हणायचा तो त्याला.

हा रिलीव्हर शब्द त्याच्या हाडात होता. प्रेस शॉपमध्ये मशीन सोडून जाता येत नाही. लघवीला जायचं तरी हात वर करायचा, लाइन लीडर बघतो, बदली माणूस पाठवतो, तो आला की मग तुम्ही सुटता. पाळी संपली आणि पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर तुम्ही उभेच. कारण एक मशीन थांबलं की मागची सगळी लाइन थांबते. मी पण आयुष्यभर तेच केलंय, मला ते नवं नाही. भीमराज अभिमानाने सांगायचा, ‘‘तात्या, एवढ्या वर्षांत माझ्यामुळे लाइन एकदाही थांबली नाही.’’ अंगात ताप असताना, वडिलांच्या पुण्यतिथीला, अंजलीच्या बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा तो रिलीव्हर येईपर्यंत उभा होता. उत्कर्षा जन्मली तेव्हा हा प्रेससमोर होता. ही गोष्ट अंजलीने मला एकदा सांगितली, आणि ती ते हसून सांगत नव्हती.

एप्रिलचा रविवार होता. जयंतीची गडबड आठवड्यापूर्वीच संपली होती, इमारतीवरचे निळे झेंडे अजून तसेच होते. थेरगावच्या काही मंडळींशी मॅच ठरली होती. तीही आमच्यासारखीच पोटवाली, फक्त त्यांनी एकसारखे टीशर्ट शिवून घेतले होते. पंच वगैरे काही नव्हतं, दोन्हीकडचे आपापले गुण मोजणार. आमच्यातले दोघं लग्नासाठी गावाला गेले होते, म्हणजे राहिले भैरू, सिद्धेश, सोसायटीतले दोघं आणि सुजित. बरोबर पाच. भीमराज खेळणारच नव्हता. त्याची शनिवारची दुसरी पाळी होती, आणि ती संपल्यावर पुढच्या पाळीचा माणूस आला नाही. मग काय, हा राहिला उभा. रात्रभर दुसऱ्याची पाळी करून सकाळच्या बसने आला आणि घरी न जाता सरळ कोर्टवर उतरला. त्याच्या नियमाप्रमाणे त्याने बूटसुद्धा बांधायचे नव्हते.

उत्कर्षाची त्या दिवशी कसलीशी परीक्षा होती, ती राजगुरुनगरच्या केंद्रावर गेली होती.

थेरगावची माणसं आली, पाणी पिऊन तयार झाली. सुजितचा फोन आला, वाकडच्या चौकात अडकलोय, गाड्या हलतच नाहीत. भीमराज झाडू घेऊन वाळू झाडत होता. त्याने झाडू ठेवला, हातातलं घड्याळ काढलं, लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी काढली आणि दोन्ही माझ्या डब्यात टाकली.

मी म्हणालो, ‘‘तू न्हाई खेळायचं. रातपाळीचा नियम तुजाच हाय न्हवं?’’

‘‘खेळत नाही हो तात्या. नुसता उभा राहतो. सुजित येईपर्यंत.’’

‘‘सुजित न्हाई आला तर न्हाई आला. थांबू दे त्येंला जरा.’’

‘‘पाहुणे आलेत. चार जणांवर कसं सुरू करायचं?’’

सिद्धेशही म्हणाला, दादा तुम्ही नका. भैरूनेही त्याला जुना हिशेब ऐकवला, मला बूट बांधू दिले नव्हते म्हणून. भीमराज हसला आणि बुटाची नाडी बांधली. ओळीत उभं राहून मान, खांदे, कंबर, सगळं शिस्तीत केलं. एकही गोष्ट चुकवली नाही.

खेळ सुरू झाला. तो नुसता उभा राहणार होता, पण उभं राहणं त्याला कधी जमलंय? समोरचा पळाला की हा पळे. थोड्या वेळाने मी पाहिलं, तो डावा खांदा चोळतोय. चेहऱ्यावरचा घाम नेहमीचा नव्हता, ओठ पांढरे पडले होते. मी काठी आपटून हाक मारली. चेंडू बाहेर गेला होता, तो पायरीपाशी आला.

‘‘काय व्हतंय?’’

‘‘पित्त आहे. रात्रभर चहाच चहा झाला.’’

‘‘बस इथं.’’

‘‘सुटतो ना. सुजित आला की सुटतो.’’

‘‘भीमराज, बस म्हनतोय मी.’’

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला मशीन सोडून पळून जायला सांगतोय. ‘‘जागा रिकामी टाकू का तात्या?’’ असं म्हणाला आणि परत गेला. पुढं भैरूने चेंडू हातात धरून त्याला विचारलं, तेव्हाही त्याने एकच विचारलं, सुजित कुठवर आला? भैरू म्हणाला, ‘‘यायलाय की. तुमी बसा न्हवं.’’ हा बसला नाही. जिथे उभा होता ती जागा सोडली नाही.

सुजितची गाडी फाटकाशी लागली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी उठून उभा राहिलो. सुजित पळतच आला, माफी मागत. भीमराज त्याच्याकडे चालत गेला. पाळी बदलताना चार्ज देतात तसा त्याने सुजितला चार्ज दिला. डावीकडचा उंच माणूस उडी मारतो, त्याला मोकळा सोडू नको. रिंगेखाली ओलं आहे, पाणी सांडलंय, तिथं सांभाळ. अंगठी काढ, घड्याळ काढ. सगळं सांगून झाल्यावर तो माझ्या पायरीवर येऊन बसला.

‘‘सुटलो,’’ म्हणाला.

मग त्याने पाठ वरच्या पायरीला टेकवली आणि डोळे मिटले.

त्याच्या वडिलांना लोकांनी झोपू दिलं होतं. मी नाही झोपू दिलं. मी तेवढ्यातच त्याला धरून हलवलं, ओरडलो, सगळा खेळ सोडून माणसं धावली. सिद्धेशने त्याला खाली आडवं केलं आणि छातीवर दोन्ही हातांनी दाब द्यायला लागला. ते त्याला भीमराजनेच शिकवलं होतं, याच कोर्टवर, एका उशीवर. किती जोरात, किती खोल, मध्ये थांबायचं नाही. सिद्धेश थांबला नाही. रडत होता आणि दाबत होता. थेरगावच्या एकाने अँब्युलन्सला फोन केला, पण भैरूचा टेम्पो फाटकातच होता, त्यात त्याला घातलं आणि सिद्धेश हौद्यात गुडघ्यांवर बसून तसाच दाबत गेला. दवाखान्यात त्यांनी बराच वेळ प्रयत्न केले. मग डॉक्टर बाहेर आले. त्याला बावन्नावं लागलंच नाही.

मी डबा घेऊनच गेलो होतो, ते मला तिथं गेल्यावर कळलं. अंजली आली. नर्स तिला म्हणाली की अंगावर दागिना वगैरे काही नव्हता. अंजलीने त्याच्या बोटाकडे पाहिलं, अंगठीचा पांढरा वळ होता तिथं. मी डबा उघडून तिच्यापुढं धरला. तिने अंगठी घेतली, मुठीत दाबली, आणि म्हणाली, ‘‘सेफ्टी केली होती ना सगळी?’’ मी म्हणालो, व्हय पोरी, केली होती. तिला दुसरं काय सांगणार होतो?

वंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. चाकणहून शॉपची माणसं बस करून आली होती, लाइन लीडरसुद्धा. सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलले. एकजण म्हणाला, ओव्हाळांमुळे लाइन कधी थांबली नाही. टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून वाजल्या नाहीत, एवढंच. मला तिथं बसवेना. मी उठून बाहेर आलो.

उत्कर्षाला आम्ही एवढंच सांगितलं होतं की बाबा खेळले, बाहेर येऊन बसले आणि गेले. ते खोटं नव्हतं. त्याच्या पलीकडचं कुणी बोललं नाही. सुजित तर तिच्या समोरच येत नव्हता. तो पोरगा वाकडच्या चौकाला अजून शिव्या घालतो आणि खरं म्हणजे स्वतःलाच घालतो.

पावसाळा सरला तेव्हा ती एका रविवारी कोर्टवर आली. बापाचे बूट घरात पडून होते, कुणाला बसत असतील तर द्यावेत म्हणून घेऊन आली होती. त्या दिवशी चौघंच जमले होते. भैरू, सिद्धेश, सुजित आणि सोसायटीतला एक. वाळू झाडून झाली होती, हातपाय मोकळे करून झाले होते, डबा माझ्या मांडीवर होता. समोर आकुर्डीतलेच पाच जण तयार होते. आमचे चौघं चेंडू घेऊन नुसते उभे.

ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, ‘‘खेळत का नाहीत हे?’’

भैरू म्हणाला, ‘‘पाचवा न्हाई की ताई. कुनीतरी येईल आता.’’

‘‘मग चार जणांनी खेळा ना. खेळताना एखादा बाहेर गेला आणि बदली नसला तर चार जणांवर चालतं. तीन राहिले तरी खेळ चालू राहतो. नियमच आहे तसा.’’ तिने ते सहज सांगितलं, ती कॉलेजात रोज जे खेळते त्यातला एक साधा नियम.

सुजितने हातातला चेंडू खाली ठेवला.

भैरूला राहवलं नाही. तो म्हणाला, ‘‘म्हंजी त्या दिशी दादा बाहीर येऊन बसले असते, तरी चाललं असतं?’’

उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं, मग सुजितकडे, मग माझ्याकडे. ती हुशार आहे, तिला फार सांगावं लागलं नाही. ‘‘तात्या,’’ ती म्हणाली, ‘‘बाबा बदलीसाठी थांबले होते?’’

मी म्हणालो, ‘‘व्हय.’’

‘‘दुखत असताना?’’

‘‘व्हय.’’

‘‘मला कधी विचारलंच नाही त्यांनी. कुणी कमी पडलं की तेच उतरायचे. त्यामुळे हे सांगायची वेळच नाही आली.’’ तिने बूट मांडीवर घेतले आणि त्यांच्या नाड्या सोडवत बसली. परीक्षेहून दवाखान्यात आली तेव्हा ती रडली नव्हती, त्या पायरीवर रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. भीमराजचा मला एवढा राग कधी आला नव्हता. साखर, बीपी, वाळू, अंगठी, सगळ्याचा विचार केला या गाढवाने, आणि एक साधी गोष्ट पोरीला विचारली नाही. कारण त्याच्या मते ती विचारायची गोष्टच नव्हती. माणसाशिवाय जागा चालते, हे त्याला आम्ही कुणी, त्याच्या बापाने, चाकणने, कधी शिकवलंच नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. माझ्या मांडीवरचा डबा उचलून स्वतःजवळ घेतला आणि चौघांना म्हणाली, ‘‘सुरू करा.’’

ते उतरले. चौघं त्या पाचांशी तासभर खेळले. खेळ कुठंही अडला नाही.